जाळी सोडायची, पण नावेतल्या वडिलांचं काय?

वाचकांचे प्रश्न, धर्मगुरूंची उत्तरं

प्रेषितांचा उपास ८ जूनला सुरू झाला. ऑर्थोडॉक्स चर्चच्या चार मोठ्या उपासांपैकी हा एक. बाकीचे तीन म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाआधीचा (ईस्टरआधीचा) महाउपवास, ऑगस्टमधला मरीयामातेचा उपास आणि नाताळाआधीचा चाळीस दिवसांचा उपास. या महिन्यात आलेल्या पत्रांतली चार इथे घेतली आहेत. त्यांतल्या एका पत्राचं उत्तर बरंच लांबलं आहे, आणि ते मी लांबू दिलं आहे. कुणाचंच नाव छापलेलं नाही.

प्रश्न : आमच्याकडे नवी दिनदर्शिका पाळतात. २०२४ साली प्रेषितांचा उपास आलाच नाही, यंदा मात्र तो पुरे तीन आठवडे आहे. असं का होतं? आणि पेन्टेकॉस्टसारख्या, पवित्र आत्मा उतरल्याच्या आनंदाच्या सणाला लागून उपास कशासाठी?

उत्तर : या उपासाचं एक टोक हलतं आणि दुसरं जागेवर असतं. तो सुरू होतो सर्व संतांच्या रविवारनंतरच्या, म्हणजे पेन्टेकॉस्टनंतरच्या पहिल्या रविवारनंतरच्या सोमवारी, आणि तो रविवार पुनरुत्थानाच्या सणाप्रमाणे मागेपुढे होतो. संपतो मात्र पेत्र आणि पौल यांच्या सणाला, २९ जूनला. २०२४ साली पुनरुत्थानाचा सण ५ मे रोजी आला, पेन्टेकॉस्ट २३ जूनला आणि सर्व संतांचा रविवार ३० जूनला. म्हणजे उपास सुरू व्हायच्या आधीच त्याच्या समाप्तीचा सण होऊन गेला होता. जुनी दिनदर्शिका पाळणाऱ्या चर्चमध्ये २९ जून ही तारीख तेरा दिवसांनी, आपल्या १२ जुलैला येते, त्यामुळे त्यांना त्या वर्षीही ११ दिवस मिळाले. यंदा पुनरुत्थानाचा सण १२ एप्रिलला झाला आणि पेन्टेकॉस्ट ३१ मे रोजी, म्हणून ८ ते २८ जून असे तीन आठवडे. केरळातल्या मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये हा घोळ नाही, तिथे हा उपास ठरलेल्या तेरा दिवसांचा असतो.

आता कशासाठी ते. ‘वऱ्हाडी वराबरोबर असताना शोक कसा करतील, वर काढून घेतला जाईल तेव्हा ते उपास करतील,’ असं प्रभूने मत्तयाच्या नवव्या अध्यायात सांगितलं आहे. स्वर्गारोहण होऊन गेलं, पवित्र आत्मा उतरला, आणि पुढे काम होतं जगभर जाण्याचं. अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना पाठवलं तेव्हा आधी उपास केला, प्रार्थना केली, त्यांच्यावर हात ठेवले आणि मग त्यांना निरोप दिला. प्रेषितांच्या कृत्यांतला तेरावा अध्याय काढून बघा. पेन्टेकॉस्टनंतरच्या आठवड्यातल्या उपासाचा उल्लेख चौथ्या शतकात संत अथनेशियस करतात, तेव्हा ही चाल जुनी आहे. महाउपवास आपल्याला रिकाम्या कबरेपर्यंत नेतो. हा उपास तिथून पुढे निघालेल्या माणसांचा आहे.

म्हणूनच या उपासातल्या पहिल्या रविवारी, म्हणजे पेन्टेकॉस्टनंतरच्या दुसऱ्या रविवारी, गालील समुद्राकाठच्या कोळ्यांना येशूची आलेली हाक वाचली जाते. ते जाळी सोडून लगेच त्याच्यामागे गेले. महाउपवासाचंही तसंच आहे. त्याच्या पहिल्या रविवारी योहानाच्या शुभवर्तमानातून फिलिपाची हाक वाचतात, ‘माझ्यामागे ये.’ दोन्ही उपासांच्या तोंडाशी चर्चने हाकेचं वाचन ठेवलं आहे. काय खायचं नाही याची यादी माणसाला तोंडपाठ असते, पण हाक ऐकू आली का, हा प्रश्न त्या यादीच्या आधीचा आहे. पुढचं पत्र त्याच रविवारबद्दल आहे.

प्रश्न : आदरणीय फादर, माझं वय २६. मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. गेल्या वर्षी त्या रविवारी पेत्र आणि अंद्रिया यांच्या बोलावण्याचं वाचन ऐकलं आणि ते माझ्यासाठीच आहे असं वाटलं. तेव्हापासून ते मनातून जात नाही. यंदा उपास कडक धरला आहे. संध्याकाळपर्यंत फक्त पाणी घेतो आणि रात्री प्रार्थनेसाठी दोनदा उठतो. परवा नोकरीचा राजीनामा लिहून ठेवला. मला मठात जायचं आहे. घरी वडील आहेत, अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली आहे. आंघोळ मीच घालतो, आईला त्यांना उचलवत नाही. मोठा भाऊ वेगळा राहतो, त्याने कधी हात लावला नाही, आमचं बोलणं बंद आहे, तो विषय सोडा. माझे आध्यात्मिक पिता म्हणतात, थांब. पण शुभवर्तमानात ‘लगेच’ असं लिहिलं आहे. याकोब आणि योहान यांनी वडिलांना नावेत सोडलं. मी थांबलो तर तो आज्ञाभंग नाही का? देवाचं ऐकू की माणसांचं?

उत्तर : तुझ्या वयाचा माझा मुलगा आहे, म्हणून ‘तू’ म्हणतो.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो. तुझी ओढ खोटी आहे असं मला वाटत नाही. सणासुदीला येणारी आणि चार दिवसांत ओसरणारी ओढ मी पापनिवेदन ऐकताना पुष्कळदा पाहतो. तुझी वर्षभर टिकली आहे. तिला घाबरू नकोस, आणि कुणी हसलं तर मनाला लावून घेऊ नकोस.

आता मत्तयाच्या चौथ्या अध्यायातली ती पाच वचनं पुन्हा उघड, आणि ‘लगेच’च्या आधी काय आहे ते बघ. पेत्र आणि अंद्रिया जाळं टाकत होते. हे हाताने फेकायचं गोल जाळं असतं. त्याच्या कडेला वजनं असतात, ते पाण्यावर पसरून पडतं, कडा बुडत जाते आणि मासे आत कोंडले जातात. ओढून घेतल्याशिवाय हाती काही लागत नाही. म्हणजे हाक आली ती काम अर्ध्यावर असताना. थोडं पुढे याकोब आणि योहान वडिलांबरोबर नावेत बसून जाळी नीट करत होते. चौथ्या शतकातले मोठे उपदेशक संत योहान क्रिसोस्टोम या ठिकाणी मुक्काम करतात. नवी जाळी घ्यायची ऐपत नाही म्हणून फाटकी सांधत बसणं, गरिबी कुरकुर न करता सोसणं, कष्टाची भाकरी खाणं, एकमेकांना धरून राहणं, वडिलांना जवळ ठेवून त्यांची सेवा करणं, हे त्या भावांचं केवढं मोठं पुण्य होतं, असं ते सांगतात. मुलगे बापाची सेवा करत होते, आणि प्रभूची नजर त्यांच्यावर तिथेच गेली.

दुसरं, त्या दिवशी पेत्र आणि अंद्रिया प्रभूला पहिल्यांदा भेटत नव्हते. योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाच. अंद्रिया बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिष्य होता. तो येशूच्या मागे गेला, येशू कुठे राहतो ते पाहिलं, तो दिवस त्याच्याजवळ काढला, म्हणून तर चर्च त्याला ‘प्रथम बोलावलेला’ म्हणतं. मग ते आपल्या कामावर परतले. मत्तय सांगतो ती त्यांची दुसरी हाक आहे, असं क्रिसोस्टोमही समजावतात. आणि पुनरुत्थानानंतर त्याच सरोवराच्या काठी, १५३ मासे ओढून झाल्यावर, प्रभू पेत्राला पुन्हा म्हणतो, ‘माझ्यामागे ये.’ तोवर पेत्राने त्याला तीनदा नाकारलेलंसुद्धा होतं. या जूनमध्ये गेलो नाही तर दार कायमचं लागलं, ही भीती तुझ्या मनात कुणी घातली? शुभवर्तमानाने तर नाही घातली.

तिसरी गोष्ट याकोब-योहानाच्या वडिलांची, जब्दीची. मार्क एक तपशील देतो, तो तू गाळला आहेस. मुलांनी वडिलांना नावेत नोकरांबरोबर सोडलं. म्हातारा एकटा वल्ही मारत बसला नव्हता. त्यांची आई पुढे प्रभूच्या मागे चालणाऱ्या स्त्रियांत दिसते, थेट वधस्तंभापर्यंत. पेत्राचं घर कफर्णहूमला होतं. हाक ऐकल्यानंतरही तो त्या घरी जातो आणि प्रभू त्याच्या सासूचा ताप उतरवतो. करिंथकरांना लिहिताना पौल सहज सांगून जातो की पेत्र आपल्या पत्नीला बरोबर घेऊन फिरतो. आणि वडिलांना नावेत सोडून आलेला तो योहान, त्याला प्रभूने वधस्तंभावरून काय सोपवलं? आपली आई. ‘त्या वेळेपासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतलं.’

तू म्हणशील, आधी वडिलांना पुरून येतो म्हणणाऱ्याला प्रभूने दिलेलं उत्तर, ‘मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांना पुरू दे’, हेही त्याचंच वचन आहे. आहे, आणि ते कडक आहे, त्याला मी पाणी घालणार नाही. कधी कधी माणूस घरच्यांच्या नावाने देवाला टाळतो, आणि ते वचन त्याच्यासाठी आहे. आईवडिलांचा मान कमी करा असा त्याचा अर्थ नाही, स्वर्गातल्या कामापेक्षा निकडीचं दुसरं काही नाही एवढंच त्यातून शिकायचं, हे क्रिसोस्टोम त्याच ठिकाणी बजावतात. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभू उलटी बाजू दाखवतो. आईबापांना देणं लागत असलेलं ‘देवाला वाहिलं’ म्हणून सांगायचं आणि हात झटकायचे, अशा लोकांना तो ढोंगी म्हणतो. चर्चने हे किती गंभीर मानलं आहे ते ऐक. चौथ्या शतकात आशिया मायनरमध्ये गंग्रा इथे परिषद भरली. संन्यासाच्या नावाखाली घरं मोडणाऱ्यांचा प्रश्न तिच्यापुढे होता. तिचा सोळावा नियम सांगतो की जी मुलं भक्तीचं निमित्त करून आईबापांना सोडतात आणि त्यांचा योग्य मान राखत नाहीत, ती शापित असोत. हे मठांच्या विरोधकांनी लिहिलेलं नाही. हा नियम मठ आणि संसार दोन्ही जपणाऱ्या चर्चचा आहे.

इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या संत अँथनींची गोष्ट तुला माहीत असेल. चर्चमध्ये ‘तुझं असेल ते विकून गरिबांना दे’ हे वाचन ऐकलं आणि ते उठून गेले. मठवासी जीवनाची कुठलीही कथा तिथून सुरू होते. पण घराबाहेर कायमचं पाऊल टाकण्याआधी त्यांनी धाकट्या बहिणीला ओळखीच्या, विश्वासू कुमारिकांकडे सोपवलं. खुद्द क्रिसोस्टोम तरुणपणी घर सोडायला निघाले होते. त्यांची आई अंथूसा तरुण वयातच विधवा झाली होती. तिने त्यांना हात धरून आपल्या बिछान्याजवळ बसवलं आणि रडत म्हटलं, मला दुसऱ्यांदा विधवा करू नकोस. हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. ते थांबले. पुढे डोंगरातही गेले, आणि त्यांनी उशीर केला असं चर्चने कधी म्हटलं नाही.

आता तुझ्या उपासाबद्दल, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. संध्याकाळपर्यंत नुसतं पाणी हे तुला कुणी सांगितलं? प्रेषितांचा उपास महाउपवासापेक्षा सौम्य आहे. मांस, दूध-दुभतं आणि अंडी सोडायची, तेवढं सर्वांना लागू. बहुतेक ठिकाणी शनिवारी-रविवारी मासे चालतात. २४ जूनला, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या जन्माच्या सणालाही चालतात. आता कोळ्यांच्या या उपासात चर्चने ताटात मासा ठेवला आणि तू पाण्यावर आलास. वाळवंटातली अम्मा सिंक्लेटिका म्हणते की शत्रूने, म्हणजे सैतानाने, लावून दिलेलीही एक तपश्चर्या असते, आणि त्याचे शिष्य ती करतात. देवाची तपश्चर्या कशी ओळखायची? तिच्यात प्रमाण असतं. तू प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासतोस. दोनदा जागून, पोटात काही नसताना, डोळे नळीवरच्या क्रमांकावरून घसरले तर ती चूक दुसऱ्या कुणाच्या अहवालात उतरेल. त्या रुग्णाने तुझा उपास धरलेला नाही.

उपासाने हात मोकळा होतो. जेवण, झोप, स्वतःचं म्हणणं, हे सगळं घट्ट धरून बसलेला हात हळूहळू सैल पडतो, म्हणजे बोलावणं आलं की उठता येतं. पण ज्या उपासात माणूस स्वतःचा बेत आणखी घट्ट धरू लागतो, त्या उपासाला मी आशीर्वाद देणार नाही. तुझे आध्यात्मिक पिता ‘थांब’ म्हणाले, ‘नको’ म्हणाले नाहीत. ‘माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे’ हे पेत्राचं वाक्य तू त्यांच्यापुढे धरू नकोस. ते येशूचं नाव घ्यायला बंदी करणाऱ्या सभेला दिलेलं उत्तर होतं. मठातही पहिली गोष्ट शिकवतात ती ऐकण्याची. जो घरच्या धर्मगुरूचा एक ‘थांब’ ऐकू शकत नाही, तो तिथल्या वडिलांचं रोज कसं ऐकेल?

आणि चर्चला घाई नाही, हेही जाणून घे. ८६१ साली कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या परिषदेने ठरवलं की मठात येणाऱ्याची तीन वर्षं परीक्षा व्हावी, मगच त्याला दीक्षा द्यावी. घाईने वस्त्रं घेऊन पुढे ती टाकून देणारे पुष्कळ झाले, म्हणून हा नियम करावा लागला. चर्च तीन वर्षं बघतं, आणि तुला तीन आठवड्यांत निकाल हवा आहे.

तरी पण ‘लगेच’ हा शब्द तिथे आहेच, आणि तो मी तुझ्याकडून काढून घेणार नाही. म्हणून तुझ्या पत्रातल्या एका वाक्याकडे येतो. ‘आमचं बोलणं बंद आहे, तो विषय सोडा.’

मी तो विषय सोडणार नाही. त्या पाच वचनांत कोण कोण आहे ते मोज. पेत्र आणि त्याचा भाऊ अंद्रिया. याकोब आणि त्याचा भाऊ योहान. प्रभूने त्या सकाळी चार माणसं बोलावली आणि ती भावांच्या दोन जोड्या होत्या. यर्देनकाठी अंद्रियाला ख्रिस्त भेटला तेव्हा त्याने सगळ्यात आधी काय केलं? भावाला शोधायला गेला. तुला वडिलांना मागे सोडण्याची एवढी चिंता आहे की त्यासाठी पत्र लिहिलंस, पण भावाला तू केव्हाच मागे सोडलं आहेस आणि त्याचं तुला काही वाटत नाही. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, हे त्याच मत्तयात, पुढच्याच अध्यायात आहे. तू स्वतःचं आयुष्य वेदीवर ठेवायला निघाला आहेस. मग हे तुला सुटेल कसं?

तुझा भाऊ चुकला असेल, मला त्यात शंका नाही. आजारी बापाला आंघोळ घालणं काय असतं हे मला ठाऊक आहे. माझे वडील शेवटी अंथरुणावर होते. पाणी कोमट आहे का ते मनगटावर बघायचं, निर्जीव हात आधी धुवायचा, बोटं उलगडून तळवा पुसायचा, आणि त्यांना लाज वाटू नये म्हणून मध्येच भिंतीकडे बघत काहीतरी बोलायचं. हे एकट्याने करताना दुसऱ्या भावाचा राग येतो. तो राग मनात घेऊन मठात गेलास तर तिथेही दोन पंगती पलीकडे कुणीतरी हात न लावणारा भाऊ बसलेला असेलच.

म्हणून तुझं ‘लगेच’ मला दिसतं ते असं. राजीनामा तुझ्या आध्यात्मिक पित्यांच्या हातात दे, त्यांच्याकडे राहू दे. दुपारी जेव. रात्री झोप, सकाळी प्रार्थना कर. आणि भावाला फोन कर, आजच. हिशेब काढायला नव्हे. वडील कसे आहेत ते सांग, आणि रविवारी सकाळी ये, मला एकट्याला उचलायला जड जातं, एवढंच म्हण. तो येईल की नाही हे तुझ्या हातात नाही. हाक मारणं मात्र तुझ्या हातात आहे. उपास संपला, पेत्र-पौलाचा सण झाला, की आध्यात्मिक पित्यांना विचारून एखाद्या मठात पाहुणा म्हणून राहून ये. तिथल्या वडिलांना सगळं सांग, अर्धांगवायू आणि बंद पडलेलं बोलणं धरून. ओढ देवाची असेल तर वडिलांना घातलेल्या आंघोळीने ती धुऊन जाणार नाही.

आणि एक. वडिलांच्या आड लपूही नकोस. दोन-तीन वर्षांनी घरची व्यवस्था लागली, भाऊ उभा राहिला, आध्यात्मिक पिता ‘जा’ म्हणाले, आणि तेव्हा तुझे पाय अडखळले, तर मी आत्ता लिहिलेलं सगळं बाजूला ठेव आणि ते कडक वचन काढून वाच.

प्रश्न : आमच्या घरात ऑर्थोडॉक्स मी एकटी. सगळ्यांचा स्वयंपाक मीच करते. माझं वेगळं करायचं म्हटलं की कुरबुर होते, पाहुणे आले की विचारणा होते, आणि मीठ बघायला चाखलं तर उपास मोडला असं वाटून दिवसभर चुटपुट लागते. काय करू?

उत्तर : ताई, मीठ बघायला चमचा जिभेला लावलात तर तो घरच्यांसाठी लावलात. त्याने उपास मोडला असं मी कुणालाही सांगणार नाही. चुटपुट फार होत असेल तर पापनिवेदनाच्या वेळी तुमच्या धर्मगुरूंना एकदा सांगा आणि त्यांनी सांगितलं की तो विषय संपवा.

वेगळं काही शिजवूच नका. सगळ्यांसाठी जे होतं त्यातलं तुम्हाला चालतं तेवढं घ्या, बाकीचं वाढा, आणि का घेत नाही याचं भाषण करू नका. ‘उपास करताना डोक्याला तेल लाव, तोंड धू,’ असं प्रभूने सांगितलं ते अशाच घरांसाठी. पाहुण्यांचं म्हणाल तर संत कॅसियन इजिप्तमधली एक आठवण सांगतात. तिथल्या एका वडिलांनी त्यांच्यासाठी उपास बाजूला ठेवून जेवण मांडलं. विचारलं तेव्हा म्हणाले, उपास माझ्याबरोबर कायमच आहे, तुम्हाला मात्र मी कायम ठेवून घेऊ शकत नाही. पाहुणे गेले की पुन्हा आपला नेम धरा.

कुरबुरीला उत्तर दिलं नाही, तर माझ्या मते तो त्या दिवसाचा सगळ्यात अवघड उपास झाला. क्रिसोस्टोम विचारतात, पक्षी आणि मासे खात नाही पण भावाला चावून खातो, मग मिळवलं काय? हे घरच्यांना ऐकवू नका, स्वतःपाशीच ठेवा.

प्रश्न : मी ७१ वर्षांची, निवृत्त परिचारिका. मधुमेहामुळे इन्सुलिन घेते, वेळेवर खावं लागतं. तरुणपणी सगळे उपास पाळले. आता उपासकाळ आला की वाटतं, आपल्याला यात जागा नाही, हाक धडधाकट लोकांसाठीच असते.

उत्तर : बाई, इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं तर काय होतं हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता, तेव्हा त्यावर मी बोलत नाही. चर्चचं सांगतो. प्रेषितांच्या नावाने चालत आलेल्या नियमांत एकोणसत्तरावा नियम उपास न पाळणाऱ्यांबद्दल अतिशय कठोर आहे, पण त्याच वाक्यात सूट आहे : शरीराच्या दुर्बलतेने अडवलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे तुम्ही नियम मोडत नाही, नियमात बसता.

जे शरीराला अपाय करत नाही ते सोडता येतं का बघा. मांस सोडून चालत असेल तर डॉक्टरांना विचारून सोडा. नसेल तर तेही राहू द्या. संध्याकाळी बातम्या लावता त्या अर्ध्या तासात प्रेषितांच्या कृत्यांचा एक एक अध्याय वाचा. अठ्ठावीस अध्याय आहेत, सण उलटून गेला तरी चालेल. आणि तुम्ही आयुष्यभर रुग्णालयात काम केलंत. आजाऱ्याच्या घरात शिरल्यावर आधी कशाकडे बघायचं, हे तुम्हाला जेवढं कळतं तेवढं आमच्यासारख्यांना कळत नाही. तुमच्या धर्मगुरूंना विचारा, मंडळीत कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, आणि आठवड्यातून एकदा तिथे जाऊन बसा. घरचं माणूस तेवढ्या वेळात निवांत जेवेल, झोपेल.

२९ जूनला उपासनेला या. पवित्र सहभागितेआधी, म्हणजे प्रभूची भाकर आणि द्राक्षारस घेण्याआधी, मध्यरात्रीपासून काही न घेण्याचा नेम आहे, पण तुमच्यासारख्यांना धर्मगुरू त्यातून मोकळीक देतात. आदल्या दिवशी त्यांच्याशी बोलून घ्या, सकाळी सुई आणि नाश्ता वेळेवर होऊ द्या, आणि पिशवीत साखर ठेवा, कारण त्या दिवशी उपासना लांबते.